दोन डबे

विट्याला आत्याकडे गेलं की मी आधी स्वयंपाकघरातल्या फडताळाशी जाते. लहानपणी तिथं शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा असायचा, ती सवय अजून सुटलेली नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर गेले तेव्हाही तसंच फडताळ उघडलं आणि हात तिथंच थांबला. लाडवांच्या डब्याशेजारी तीन हिरवे डबे एकावर एक रचले होते. एक उघडलेला, दोन सीलबंद. वर कारल्याचं, जांभळाचं आणि मेथीचं चित्र. असाच एक डबा हातात धरून मी माझ्या ओट्यापाशी उभी राहिले होते आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले होते, "आमच्या घरात आता सकाळ याच्यापासूनच सुरू होते."

आमच्या घरात सकाळ चहापासून सुरू होते. तो डबा आला त्या दिवशी मी एक चमचा पावडर पाण्यात कालवली, एक घोट घेतला आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतलं.

आत्या मागून म्हणाली, "तू घेतीयास म्हटल्यावर मीबी मागवलं. तुजा त्यो कोड नातवानं टाकून दिला. तिनावर सूट हुती."

"साखर तपासलीस?"

"तपासली की. हाय तेवढीच हाय. पर तू म्हणलीस म्हंजे लागत आसंल जरा येळ. मलाच रोजच्या रोज घ्यायला जमत न्हाय."

डब्यानं काही केलं नाही, तर चूक तिची. मी म्हटलेलं खोटं असेल ही शक्यता तिच्या मनाला शिवलीसुद्धा नव्हती. मी काही बोलले नाही. लाडू खाल्ला, मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं पुण्याला निघाले. वाटेत खिडकीशी बसून ती रील पुन्हा काढली. पंचेचाळीस सेकंद. खाली चार ओळींचा मजकूर, 'अधिक' दाबलं की अकरा हॅशटॅग, आणि त्यांतला नववा, रोमन अक्षरांत, 'कोलॅब'. तो मी स्वतः टाकला होता. टाकताना मनात म्हटलंही होतं, चला, नियम पाळला.

माझं पान २०२०च्या टाळेबंदीत सुरू झालं. हुलग्याचं माडगं, शेंगोळी, ज्वारीच्या कण्या, करडईची भाजी. आमच्या दुष्काळी पट्ट्यातलं जे खाणं पाहुण्यांसमोर मांडायला आईला संकोच वाटायचा, ते मी मांडत गेले. लोक आले. खानापूर, आटपाडी, जत, सांगोला, माण. कुणी लिहायचं, आमची आजी गेल्यापासून हे खाल्लं नव्हतं. न्यू जर्सीतली एक बाई विचारायची की हुलगे तिकडच्या दुकानात कुठल्या नावानं मिळतील, आणि दुसरी कुणीतरी मी उत्तर द्यायच्या आत लिहायची, 'कुळीथ म्हणून बघा.' एकसष्ट हजार माणसं जमली, त्यातल्या बहुतेक पस्तिशीच्या पुढच्या बाया. त्यांना मी ताई होते, कुणाला वहिनी, कुणाला पोरगी.

व्ह्यूजचा मला एक रुपया मिळत नव्हता. हे सांगते ते सबब म्हणून नाही. पण हिशेब कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एक रील करायला बाजारहाट धरून दीड दिवस जायचा. गॅस माझा, तेल माझं, फोन माझा. त्यामुळे कुणी पैसे देऊ केले की ते घ्यावेसे वाटणं यात मला आजही काही गैर वाटत नाही. गावाकडची जी पोरं-पोरी मराठीत व्हिडिओ करून घर चालवतात, त्यांच्या कमाईकडे नाक मुरडून बघणाऱ्यांची मला चीड आहे. कीर्तनकाराला बिदागी चालते, हलगीवाल्याला सुपारी चालते, मग हिनं का फुकट राबायचं?

एजन्सीतल्या मुलीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "ताई, तुमचा आवाज घरातला वाटतो. आम्हाला तोच हवाय." अठरा हजार रुपये. आमचा दोन महिन्यांचा किराणा. मग 'ब्रीफ' आलं. पहिल्या तीन सेकंदांत डबा दिसता कामा नये, आधी भाकरी थापताना दाखवा. 'मधुमेह बरा होतो' असं कुठंही म्हणू नका, 'आधार मिळतो' म्हणा. 'मी तीन महिन्यांपासून घेतेय' हे वाक्य यायला हवं. पैसे घेतल्याचं सांगणारी 'पेड पार्टनरशिप'ची पट्टी लावू नका, रीच पडते, म्हणजे रील कमी लोकांपर्यंत पोचते. सगळं ऑरगॅनिक, म्हणजे आपसूक, वाटलं पाहिजे.

'बरा होतो' का नको, ते मला खूप नंतर कळलं. चमत्कारी उपायांच्या जाहिरातींना आळा घालणारा १९५४ सालचा कायदा आपल्याकडे आहे आणि ज्या रोगांवरच्या औषधाची जाहिरात करायला त्यानं मनाई केली आहे त्या यादीत मधुमेह आहे. म्हणजे ब्रीफ लिहिणाऱ्याला कायदा चांगला ठाऊक होता. जे वाक्य कंपनीनं छापलं असतं तर अडचणीत आली असती, ते 'मला फरक जाणवला' अशा रूपात माझ्या तोंडून वदवायचं होतं. कंपनी बोलली तर तो दावा झाला. मी बोलले तर तो अनुभव.

'तीन महिने' म्हणायला मी नकार दिला. तेव्हा त्याचा मला अभिमानही वाटला होता. त्याऐवजी मी 'आमच्या घरात सकाळ याच्यापासून सुरू होते' हे वाक्य सुचवलं आणि त्यांनी ते आनंदानं घेतलं. एसटीत बसून विचार करताना उमगलं, की तीन महिन्यांचं खोटं निदान मोजता आलं असतं. माझं वाक्य मोजता येत नव्हतं, पकडता येत नव्हतं, आणि त्यात 'आमच्या घरात' होतं. आत्याला खेचून नेलं ते त्या दोन शब्दांनी.

रील टाकल्यावर महिन्याभरानं एजन्सीनं तक्ता पाठवला होता, माझ्या सवलतीच्या कोडवर कुठं किती डबे गेले त्याचा. पुणे, सांगली, सोलापूर, आणि खाली विटा, तीन. मी नवऱ्याला हौसेनं दाखवलं होतं, बघ, विट्यालासुद्धा गेलं.

त्या हिवाळ्यात मी रात्री बसून नियम वाचले. आधी वाचायला हवे होते, पण आमच्यातल्या कितीजणी वाचतात? जाहिरात व्यवसायानं स्वतःवर लक्ष ठेवण्यासाठी १९८५ साली मुंबईत ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया ही संस्था काढली, तिला सगळे 'आस्की' म्हणतात. आमच्यासारख्यांसाठी तिची नियमावली मे २०२१ मध्ये आली आणि १४ जूनपासून लागू झाली. त्यात इतकं बारीक लिहिलंय की वाचताना मला घाम फुटला. जाहिरात आहे हे पहिल्या दोन ओळींत दिसलं पाहिजे, 'अधिक' दाबायला लागता कामा नये. हॅशटॅगच्या गर्दीत ते लपता कामा नये. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत पट्टी किमान तीन सेकंद दिसावी, त्याहून लांब पण दोन मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एकतृतीयांश वेळ. माझ्या रीलला हिशेब लावला, पंधरा सेकंद. माझी पट्टी शून्य सेकंद होती.

आस्कीला दंड करता येत नाही. तो अधिकार सरकारकडे आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९चा, त्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण जुलै २०२० मध्ये आलं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल कंपनीइतकाच तिची भलावण करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तेच केलं तर पन्नास लाखांपर्यंत. वर्षभरापर्यंत कुठलीही जाहिरात करायला बंदी, आणि पुढच्या खेपेस तीन वर्षांपर्यंत. ग्राहक व्यवहार खात्यानं जानेवारी २०२३ मध्ये आमच्यासाठी एक छोटी पुस्तिका काढली, तिच्यात स्वच्छ म्हटलंय की जी वस्तू स्वतः वापरली नाही किंवा जिची नीट चौकशी केली नाही, तिची शिफारस करू नये. मे २०२४ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या याचिकेवर बोलताना सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की फसव्या जाहिरातीची जबाबदारी नामवंतांवर आणि इन्फ्लुएन्सरांवर, म्हणजे आमच्यासारख्या व्हिडिओ करणाऱ्यांवर, तितकीच येते.

हे सगळं ठीक. पण आस्कीच्या नियमावलीतल्या एका शब्दाशी मी अडकले आणि अजून अडकलेली आहे. खुलासा कुठल्या भाषेत करायचा, याबद्दल तिथं म्हटलंय की तो इंग्रजीत असावा किंवा जाहिरातीच्या भाषेत, सर्वसामान्य ग्राहकाला नीट कळेल असा. त्या 'किंवा'तून आम्ही सगळे निसटतो. मराठीतल्या कुठल्याही इन्फ्लुएन्सरचं पान उघडून बघा. बोलणं अस्सल मराठी, लाडिक, घरगुती, 'अगं', 'अहो', 'बघा ना'. आणि पैशाचं आलं की एकदम इंग्रजी. 'ॲड'. 'कोलॅब'. 'पार्टनरशिप'. तीही रोमन लिपीत. माझी आत्या सातवी शिकली, रोज पेपर वाचते, पोथी वाचते, भिशीचा हिशेब वहीत लिहिते. तिच्याशी पंचेचाळीस सेकंद तिच्या भाषेत बोलायचं आणि तिला सर्वांत गरजेचा असलेला एक शब्द मात्र तिला न वाचता येणाऱ्या लिपीत लिहायचा, ही माझी युक्ती होती. त्या वेळी ती युक्ती वाटली नव्हती इतकंच.

अमेरिकेत ग्राहकांचं हित बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेनं २०१९ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी काढलेली पुस्तिका वाचली तेव्हा हे जास्तच टोचलं. तिथं 'कोलॅब' हा शब्द नाव घेऊन नाकारलाय, संदिग्ध म्हणून. आमच्या यादीत 'कोलॅबोरेशन' बसतं. आणि तिथं साध्या वाक्यात लिहिलंय, की शिफारस ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत. मराठीत शिफारस, तर मराठीत खुलासा. आस्कीच्या नियमावलीत ही सक्ती नाही म्हणून पाळू नये असं थोडंच आहे?

आपल्याकडे यासाठी शब्द नाहीत असंही नाही. नियमावलीत 'मटेरियल कनेक्शन' नावाची कल्पना आहे. पैसे मिळाले नसले तरी फुकट वस्तू, सवलत, सहल, मुक्काम, नातं, यातलं काहीही असलं तरी ते सांगायचं, कारण त्यानं बोलण्यावर परिणाम होतो. मी ते तीनदा वाचलं आणि मग लख्ख कळलं, हे तर मिंधेपण. आजी म्हणायची, कुणाचं मिंधं होऊ नये, मग तोंड उघडत नाही. एक घाण्याच्या तेलाची बाटली, सोबत हातानं लिहिलेलं कार्ड, 'आवडलं तरच सांगा ताई', एवढ्यानं माणूस मिंधा होतो. मला अशा तेलाच्या दोन बाटल्या आल्या होत्या. एकीला खवट वास होता. मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि दुसरीचं मात्र तोंडभरून कौतुक केलं. कुणी मला गप्प राहायला सांगितलं नव्हतं. भीड पडली. आयकर खात्याला मात्र ही भीड कळते. १ जुलै २०२२ पासून अशा भेटवस्तू वर्षाला वीस हजारांच्या वर गेल्या की देणाऱ्यानं दहा टक्के कर कापायचा, आणि खात्याच्या परिपत्रकात सोशल मीडियावरच्या इन्फ्लुएन्सरला दिलेला मोबाइल, कपडे, सौंदर्यप्रसाधनं यांचा उदाहरण म्हणून उल्लेख आहे. वस्तू परत केली तर कर नाही, ठेवून घेतली तर ती कमाई. खात्याच्या लेखी ती कमाई, आणि बघणाऱ्या बाईच्या लेखी ताईंचं मनापासूनचं कौतुक.

मी सात-आठ वर्षांची असताना आबा मला खरसुंडीच्या यात्रेला घेऊन गेले होते. खिलार बैलांचा बाजार. पांढऱ्याशुभ्र जनावरांच्या रांगा, शिंगांना लावलेला रंग, वैरणीचा वास, आणि धुरळा. आबांना एक खोंड मनात भरला होता. तेव्हा एक माणूस आला, हेडी. त्यानं आबांचा हात धरला, वर उपरणं टाकलं, आणि उपरण्याखाली बोटं चालू लागली. मग तो खोंडाच्या मालकाकडे गेला, त्याचाही हात उपरण्याखाली. मला वाटलं काहीतरी जादूचा खेळ आहे. आबा घरी येताना म्हणाले, ती किमतीची बोलणी होती. मी विचारलं, मग तो माणूस आपला का त्यांचा? आबा म्हणाले, "तो दलालीचा."

हे मला आज इतक्या वर्षांनी का आठवावं? त्या बाजारात किंमत झाकलेली होती, पण दलाली उघडी होती. हेड्याला सगळे हेडी म्हणूनच ओळखत. तो खोंडाची कितीही तारीफ करो, आबा ती हेड्याची तारीफ म्हणूनच ऐकत आणि स्वतः खाली बसून खुरं बघत, दात बघत, चालवून बघत. माझ्या रीलवर किंमत उघडी होती, सवलतीसकट, ठळक अक्षरांत. दलाली झाकली होती. आणि दलाली झाकली की माणूस दात बघत नाही. आत्यानं डब्यामागचं बारीक अक्षर वाचलं नाही, डॉक्टरला विचारलं नाही. पोरीला कुणी विचारतं का, तुझे दात बघू म्हणून?

जाहिरात आणि बातमी यांच्यातली रेघ पुसली की काय होतं ते महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. आत्याचे यजमान, आमचे मामा, पेपर उघडला की चौकटीतला मजकूर ओलांडून पुढं जायचे. कोपऱ्यात बारीक 'जाहिरात' लिहिलेलं त्यांना चष्म्याशिवाय दिसायचं. २००९च्या विधानसभा निवडणुकीत ती चौकट गेली आणि उमेदवारांची स्तुती बातमी म्हणून छापून आली. पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त ते उघडकीला आणलं, प्रेस कौन्सिलनं चौकशी समिती नेमली, आणि 'पेड न्यूज' हा शब्द गावोगावच्या पारावर पोचला. लोकांचा राग पैसे घेतल्याचा नव्हता. जाहिराती तर पेपरात रोजच असतात. चौकट काढून घेतली याचा तो राग होता.

रमीच्या आणि पैसे लावून खेळायच्या ॲपच्या जाहिरातींबद्दल लिहायला बसले तर हात थरथरतो, म्हणून थोडक्यात लिहिते. आमच्या भागातल्या पोरांनी ज्यांना टीव्हीवर, रीलवर हसताना पाहिलं, त्यांच्याच तोंडून 'मी तर रोज खेळतो' ऐकलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून असे पैशांचे खेळ बंद केले, आणि त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. शेअरबाजारातही तेच. बाजारावर नजर ठेवणाऱ्या 'सेबी'नं ऑगस्ट २०२४ मध्ये नोंदणीकृत दलालांना आणि फंडांना बिगरनोंदणी सल्लागारांशी संबंध तोडायला लावले, आणि जानेवारी २०२५ मध्ये बजावलं की 'आम्ही फक्त शिकवतो' म्हणणाऱ्यांनी गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरू नयेत. मी या सगळ्याचं मनापासून स्वागत करते. पण कायदा पोचतो तो मोठ्या माशांपर्यंत. एकसष्ट हजारवालीपर्यंत तो येणार नाही. तिच्यापर्यंत पोचणारी एकच व्यक्ती आहे, जिनं डबे मागवले ती.

संक्रांतीला मी परत विट्याला गेले. यावेळी सांगायचं ठरवून. आत्या ओसरीवर बसून सुपात हुलगे निवडत होती, मी शेजारी बसले आणि सुपात हात घातला. खडे शोधताना नजर खाली राहते, बोलायला सोपं जातं.

"आत्या, त्या डब्याची मी जाहिरात केली होती."

"बघितलं की मी."

"तसं नाही. जाहिरात. पैसे घेऊन. मी ते घेत नाही. एकदा चाखलं होतं फक्त."

ती निवडायची थांबली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "मग तसं ल्हिलं न्हवतंस?"

"लिहिलं होतं. कोलॅब."

"कोलॅब म्हंजे?"

मला मराठीत सांगता येईना. मी गेली चार वर्षं दिवसातून दहादा वापरत असलेला शब्द, आणि त्याचा अर्थ आत्याला सांगायला तोंडात येईना. सहकार्य? सहयोग? शेवटी म्हटलं, "म्हणजे त्यांनी पैसे दिले आणि मी बोलले."

"किती दिलं?"

"अठरा हजार."

"आन् माजं बावीसशे गेलं." तिच्या आवाजात राग नव्हता, ती बेरीज करत होती. मग म्हणाली, "आगं, तसं म्हणायचं हुतंस की. मला पैसं मिळाल्यात, बघा तुमचं तुमी. मी तरीबी घेतलं आसतं. पर येकच डबा घेतला आसता."

यानंतर मी नीतिमत्तेवर जे काही वाचलं, त्यातलं काहीही मला या वाक्याइतकं नेमकं वाटलेलं नाही. खरं सांगितलं असतं तर एक डबा. लपवलं म्हणून तीन. ते मधले दोन डबे मी तिच्याकडून काढून घेतले. जाहिरात करणं आणि फसवणं यांच्यातलं अंतर मला आधी धूसर वाटायचं, आता ते फडताळात एकावर एक ठेवलेलं दिसतं, सील न तोडलेलं.

तिचा 'किती दिलं' हा प्रश्नसुद्धा माझ्या डोक्यातून गेला नाही. आपण म्हणतो, जाहिरात आहे एवढं सांगितलं की झालं, रक्कम विचारणं हा भोचकपणा. पण अमेरिकेच्या रोखे बाजाराच्या कायद्याला तो भोचकपणा वाटत नाही. तिथल्या टीव्हीवरच्या प्रसिद्ध किम कार्दाशियननं २०२१ मध्ये इथेरियममॅक्स नावाच्या कूटचलनाची शिफारस केली, तिच्याखाली जाहिरातीचा हॅशटॅगही होता. तरीही ऑक्टोबर २०२२ मध्ये तिला साडेबारा लाखांहून जास्त डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं, कारण त्यासाठी अडीच लाख डॉलर मिळाले होते हे तिनं सांगितलं नव्हतं. गुंतवणुकीच्या शिफारशीत तिथं रक्कमच सांगावी लागते. का, ते आत्यानं मला सुपात हात ठेवून शिकवलं. अठरा हजार ऐकल्याबरोबर तिनं माझं बोलणं नव्यानं तोललं. 'जाहिरात' या शब्दानं नुसतं सावध व्हायला होतं. रकमेनं कळतं, सावध किती व्हायचं.

दोन बंद डब्यांचे पैसे मी तिला देऊ केले. तिनं घेतले. मला वाटलं होतं नको म्हणेल, आणि तिनं घेतले याचं मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. नको म्हणाली असती तर मी पुन्हा मिंधी झाले असते.

ती रील मी काढून टाकली नाही. काढली असती तर पुरावा गेला असता आणि ज्यांनी पाहून मागवलं त्यांना काहीच कळलं नसतं. तिच्यावर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिलं: 'याचे मला अठरा हजार रुपये मिळाले. मी हे रोज घेत नाही. साखरेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नका.' मग तेच एका वेगळ्या व्हिडिओत बोलून दाखवलं, त्याच ओट्यापाशी उभी राहून. एजन्सीचा फोन आला, करारातलं एक कलम वाचून दाखवलं गेलं, पुढचं काम मिळणार नाही असं कळवलं गेलं. त्यांचं त्यांच्यापुरतं बरोबर होतं. त्या व्हिडिओखाली शिव्या कमी आल्या, हिशेब जास्त आले. 'ताई, मी दोन घेतले होते.' 'मी आईसाठी एक.' मंगळवेढ्याच्या एका बाईनं लिहिलं, 'मला वाटलं माझ्यातच काही कमी आहे.' तिचं आणि आत्याचं वाक्य एकच निघालं. अशा किती असतील?

आता मी वर्षाला तीन-चार जाहिराती घेते. वस्तू दोन महिने घरात वापरून मग. व्हिडिओचं पहिलं वाक्य, भाकरी थापायच्याही आधी, 'याचे मला इतके पैसे मिळालेत' असं असतं. बहुतेक कंपन्या हे ऐकून मागं फिरतात. काही थांबतात. माणमधल्या एका बचत गटाच्या बायांनी बाजरीच्या खारोड्यांसाठी मला चार हजार दिले, आणि पहिल्या वाक्यात तो आकडा ऐकून त्यांना उलट आनंद झाला. त्यांची अध्यक्ष म्हणाली, "सांगा की, आमी दिल्यात. फुकट न्हाय केलं तुमी." पैसे दिल्याचा त्यांना अभिमान होता. आम्ही पैसे देण्याजोगे झालो, हे त्यांना गावाला दाखवायचं होतं. ही बाजू माझ्या कधी लक्षातच आली नव्हती.

मैत्रिणी म्हणतात, इतकं उघडं केलं की कोण ऐकणार? ऐकतात. कमी ऐकतात, आणि ऐकून झाल्यावर प्रश्न विचारतात. खारोड्यांखाली पहिलीच प्रतिक्रिया होती, 'मीठ जास्त नाही ना?' मला ती वाचून आबा खोंडापुढं उकिडवे बसलेले आठवले.

गेल्या महिन्यात आत्याकडे होते. दुपारची जेवणं झाली होती, ती पलंगावर पाय पसरून फोनवर बघत होती. एक मुलगी, पंचविशीची असेल, गुडघेदुखीच्या तेलाबद्दल बोलत होती. छान बोलत होती. तिच्या आजीला ती तेल लावत होती, आजी हसत होती, मागं तुळशीवृंदावन होतं. आत्यानं पूर्ण बघितलं. मग माझ्याकडे फोन धरून म्हणाली, "हिला किती दिलं आसंल गं?"

मी फोन घेतला. वरची पट्टी बघितली, नव्हती. खालचा मजकूर उघडला, 'अधिक' दाबलं, शेवटपर्यंत गेले. काही लिहिलेलं नव्हतं.

"म्हंजे दिलंच न्हाय का सांगितलं न्हाय?"

"कळत नाही," मी म्हटलं.

आत्यानं ती रील पुन्हा लावली आणि यावेळी आजीच्या गुडघ्याकडे बघत राहिली.